उन्हाळ्यातल्या बागेत आधी खुर्ची, मग झाडं

प्रश्न थोडक्यात असा: घरामागे छोटी बाग आहे. निम्म्या जागेत फरशी, एका कोपऱ्यात हिरवळीचा तुकडा, पंचवीस-तीस कुंड्या आणि पश्चिमेला सगळं उघडं. एरवी तिथे बसायला आवडतं. पण उन्हाळा लागला की सकाळी नऊनंतर पाय ठेववत नाही आणि संध्याकाळी सातलाही फरशीतून झळा येतात. बागेशी नातं उरतं ते धावतपळत पाणी घालण्यापुरतं. मग तेवढे महिने बागेचा नाद सोडून द्यावा, की तिची मजा घ्यायला काही मार्ग आहे? जोडीला दोन लहान प्रश्न: भर दुपारी पाणी घातलं तर पानं भाजतात हे खरं का, आणि हिरवळ जळतेच तर तिथे कृत्रिम गवत घालून टाकावं का?

नाद सोडू नका. मी गेली २६ वर्षं लोकांच्या घरच्या बागा आखते आणि सांभाळते. उन्हाळ्यात बाग ओस पडते तेव्हा दोष बहुतेक वेळा झाडांचा नसतो, बसायची जागा चुकलेली असते. हे मला माझ्याच चुकीतून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत एका घरी मी मोठ्या हौसेने बाग करून दिली होती. मधोमध गोल कट्टा, चहूबाजूंनी फुलांचे वाफे. ऐन उन्हाळ्यात सहज डोकावले तर कट्ट्यावर चिटपाखरू नाही, आणि घरातले आजोबा मागे पाण्याच्या टाकीच्या आडोशाला प्लास्टिकची खुर्ची टाकून निवांत बसलेले. म्हणाले, “बाई, तुमचा कट्टा बघायला फार छान आहे. बसायला इथेच बरं. टाकीची सावली पडते आणि बोळातून वारा येतो.” त्या दिवसापासून मी कागदावर आधी खुर्ची काढते.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. कडक उन्हाचा एक दिवस निवडा आणि हातात खडू घ्या. सकाळी ८ आणि ११, दुपारी २ आणि ५, शेवटी सूर्य मावळायच्या जरा आधी, असे पाच वेळा बाहेर या. सावलीची कड जिथे असेल तिथे फरशीवर किंवा भिंतीवर रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. रात्री अनवाणी त्याच फरशीवरून फिरा. दिवसभर ऊन खाल्लेली फरशी आणि सावलीत राहिलेली फरशी यांतला फरक तळव्यांना लगेच कळतो. भिंतीला हाताची उलटी बाजू लावून बघितली की तिचंही तसंच. या रेघांमध्ये एखादी जागा अशी निघतेच की जिथे दुपारी तीननंतर ऊन पोचत नाही. आणि माझा अनुभव असा, की दहांतल्या सात घरांत त्या जागेवर रिकाम्या कुंड्या, मोडकी सायकल आणि रंगाचे डबे ठेवलेले असतात. ते हलवा.

सावलीचं एवढं कौतुक का, तर झाडाखाली थर्मामीटर धरला तर हवा बाहेरच्यापेक्षा अनेकदा जेमतेम एक-दोन अंशांनीच कमी भरते. तरीही तिथे जीव निवतो. आपल्याला होणाऱ्या काहिलीत हवेइतकाच वाटा अंगावर पडणाऱ्या उन्हाचा आणि आजूबाजूच्या तापलेल्या फरशी, भिंत, पत्र्यातून निघणाऱ्या धगीचा असतो. झाड वरचं ऊन अडवतं, खालची जमीन तापू देत नाही, आणि त्याची पानं स्वतः गार असतात. म्हणून झाडाखालची सावली आणि पत्र्याखालची सावली यांची बरोबरी होत नाही. पत्रा स्वतःच तापून डोक्यावर धग सोडत बसतो.

तुमची खरी अडचण पश्चिम आहे. मध्यान्हीला ऊन वरून येतं, तेव्हा मांडव किंवा मोठी छत्री कामाची. तीननंतर ते आडवं यायला लागतं. लोक हौसेने भली मोठी छत्री आणतात, आणि पाच वाजता खुर्ची उन्हात व छत्रीची सावली घराच्या पायरीवर, अशी गंमत होते. पश्चिमेला उभाच आडोसा हवा. या वर्षापुरता बांबूचा चिक किंवा चौकटीवर ताणलेली शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, लावा. ५० टक्के ऊन अडवणारी पुरते. पुढच्या वर्षासाठी मात्र आत्ताच मनात वेल धरा. ऐन उन्हाळ्यात नवीन वेल लावू नका; उन्हाचा जोर ओसरला की लावा. वेल चढवायची जाळी भिंतीला किंवा कुंपणाला चिकटवू नका, मध्ये वीतभर पोकळी ठेवा. त्या पोकळीतून हवा वर सरकत राहते आणि भिंत तापत नाही. वेल कुठला म्हणाल तर माझं मत मधुमालतीला. ती भराभर वाढते, दाट होते, आणि तिचा संध्याकाळचा खेळ पुढे सांगते.

शेडनेट झाडांवर घालणार असाल तर ती पानांना टेकू देऊ नका. वर निदान दोन फूट मोकळी जागा ठेवा, नाहीतर सावलीही मिळेल आणि झाडं गुदमरतीलही. कडा नीट बांधा. वळवाचा वारा सुटला की सैल शेडनेट कुंड्यांसकट सगळं ओढून नेते. मी एकदा शेजारच्या गच्चीवरून परत आणली आहे.

आता फरशी. संध्याकाळी तिच्यावर पाणी मारल्याने गारवा येतो, पण वेळ साधावी लागते. उन्हं फरशीवरून उतरली की मगच मारा. पहिलं पाणी बघता बघता सुकतं, अर्ध्या तासाने दुसरा हात द्या. झारीने पातळ शिंपडा, डबकं करू नका. एक लिटर पाणी बर्फाइतक्या थंडपणापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ होताना शोषली जाते. म्हणजे काम वाफ होण्याने होतं, साचून राहिलेल्या पाण्याने नाही. हवा कोरडी असेल तर हा उपाय फार चांगला. हवा आधीच दमट असेल तर पाणी सुकत नाही, उकाडा मात्र वाढतो. तिथे पाण्याच्या नादी लागू नका, वाऱ्याच्या लागा. दमट हवेत तुषार उडवणारी यंत्रं बसवणाऱ्यांना मी नेहमी थांबवते. कपडे ओले होतात आणि घाम तसाच राहतो.

वाऱ्यासाठी साधा टेबलफॅन पुरतो. त्याचा एक जादा फायदा आहे: डासांना वाऱ्यात नीट उडता येत नाही, त्यामुळे पंख्याच्या झोतात पाय ठेवून बसलं तर ते फारसे चावत नाहीत. फक्त ओली फरशी आणि वायर यांची गाठ घालू नका. पंखा कोरड्या, उंच जागी ठेवा. हवाच ४० अंशांच्या वर असेल तर पंखा आराम देत नाही, भट्टीचा वारा अंगावर घालतो. तशा वेळी बाहेर बसायचंच नाही. आणि घाम येणं थांबलं, डोकं जड झालं, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला तर ती थकल्याची लक्षणं समजू नका. ताबडतोब सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. बागेच्या वेडाने दुपारी बारा वाजता माती उकरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांत एकदा मीही होते.

खुर्ची ठरली, आडोसा झाला, आता झाडं. विखुरलेल्या कुंड्या एकत्र आणा, खुर्चीच्या दोन बाजूंना. उंच मागे, बुटकी पुढे, पानं एकमेकांना लागतील इतकी जवळ. एकटी कुंडी चारी बाजूंनी तापते. घोळक्यात असली की कुंड्या एकमेकींवर सावली धरतात आणि मधली हवा ओलसर राहते. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात ठेवली तर आतली माती इतकी तापते की त्या बाजूची मुळं शिजून निघतात, वरून कितीही पाणी घाला. अशा कुंड्या घोळक्याच्या मध्यभागी घ्या, किंवा मोठ्या मातीच्या कुंडीत उतरवून मधल्या फटीत पाचोळा भरा. सगळ्या कुंड्यांत आणि वाफ्यांत दोन-तीन बोटं जाड पाचोळ्याचं आच्छादन हवंच. फक्त ते बुंध्याला चिकटू देऊ नका, बुंधा कुजतो.

या मांडणीत तुमचाही स्वार्थ आहे. झाड पानांतून पाणी सोडतं आणि त्या वाफेबरोबर उष्णता जाते, म्हणून पानांच्या घोळक्यात बसलं की गार वाटतं. पण माती कोरडी पडली की झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं. वाफ थांबते, पान तापतं, तुमचा गारवाही जातो. तहानलेली बाग दिसायला हिरवी असली तरी बसायला गरमच लागते.

म्हणून पाण्याबद्दल जरा सविस्तर. पाणी पहाटे किंवा सकाळी, आणि एकदाच पण पोटभर. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच्या दोन बोटांत राहतात आणि दुपारी तिथेच मरतात. पाणी घालायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओल लागली तर त्या कुंडीला आज सुट्टी. दुपारी जास्वंदीने माना टाकल्या म्हणून लगेच झारी घेऊन धावू नका. कडक उन्हात मुळं जेवढं पाणी देऊ शकतात त्याहून जास्त पानांतून जातं, म्हणून ती लोंबतात. संध्याकाळी सातला बघा, बहुतेक वेळा परत ताठ झालेली असतात. झाड सकाळीही मलूलच दिसलं तर काळजी करा.

एक फसवणूक मात्र ओळखायला शिका, कारण उन्हाळ्यात सर्वांत जास्त झाडं माझ्या मते तिनेच मरतात. कुंडीला पाणी घातलं, दोन सेकंदांत खालून भळाभळा बाहेर आलं, तुम्हाला वाटलं पोट भरलं. प्रत्यक्षात माती इतकी वाळलेली असते की आवळून कडेपासून सुटते, आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्या कुंड्यांत हे हमखास होतं. कुंडी उचलून बघा, पाणी घालूनही हलकी लागते. अशी कुंडी बादलीत किंवा टबात गळ्यापर्यंत बुडवा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग बारीक, मग अधूनमधून एखादा. शेवटचा बुडबुडा यायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. तो आला की बाहेर काढा, निथळू द्या आणि परत उचलून बघा. तो जडपणा हाताला एकदा कळला की पुढे बोट खुपसायचीही गरज राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या शिकाऊ मुलांना मी पहिला आठवडा कुंड्या उचलायलाच लावते.

वाफ्यांसाठी जुनी युक्ती आहे: भाजलेलं पण चकाकी नसलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं, तोंडावर झाकण. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीही अशी मडकी पुरत असत. माती कोरडी पडेल तसं पाणी मडक्यातून झिरपतं. दोन दिवस बाहेरगावी जायचं असेल तर याहून भरवशाचं काही नाही. न भाजलेलं मडकं पाण्यात विरघळून जाईल. भाजलेलंच घ्या, फक्त आतून-बाहेरून रंग किंवा चकाकी नको.

हे सगळं झालं की मजेचा भाग. उन्हाळ्यात बागेचे तास बदलतात, त्याप्रमाणे आपण बदलायचं. पहाटे उजाडल्यापासून ऊन अंगावर येईपर्यंतचा दीड-दोन तासांचा वेळ सोन्यासारखा असतो. पाणी घालणं याच वेळात करा आणि ते कामासारखं उरकू नका. उथळ परातीत दोन-तीन बोटं पाणी आणि मधोमध एक दगड ठेवा; पक्षी दगडावर उतरतात, आधी इकडेतिकडे बघतात आणि मग पंख फडफडवत सगळं पाणी उडवून देतात. पाणी रोज बदला. आठवडाभर तसंच राहिलं तर पक्ष्यांबरोबर डासही पाळाल.

दुसरा वेळ उन्हं कलल्यानंतरचा. या वेळेसाठी रंग निवडताना लोक चुकतात. लाल फुलं दिवसा झगमगतात, पण अंधारताना सर्वांत आधी तीच काळी पडतात; पांढरी आणि फिकट निळी कितीतरी वेळ दिसत राहतात. आपल्या डोळ्याची ही खोड यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच टिपली होती. तुम्ही फक्त एक संध्याकाळ जास्वंद आणि तगर शेजारी ठेवून बघा. म्हणून खुर्चीसमोर पांढरी फुलं ठेवा. मोगरा तर उन्हाळ्याचाच, त्याला दिवसा भरपूर ऊन हवं. कुंडी उन्हात ठेवा आणि कळ्या फुगल्या की संध्याकाळी खुर्चीजवळ आणा. निशिगंध, गुलबक्षी ही संध्याकाळची मंडळी. रात्री फुलणारी बरीच फुलं पांढरी आणि सुगंधी असतात, कारण त्यांचे पाहुणे म्हणजे निशाचर पतंग. त्यांना अंधारात वासाने आणि फिकट रंगाने बोलवावं लागतं. रातराणी लावायची तर खुर्चीपासून पंधरा-वीस पावलं लांब. जवळ असली की वास डोक्यात जातो, आणि लहान मुलं असतील तर तिची फळं विषारी आहेत हे लक्षात ठेवा.

आणि मधुमालती. तिची नवी फुलं संध्याकाळी उमलतात तेव्हा पांढरी असतात. दुसऱ्या दिवशी ती गुलाबी होतात, मग लाल. त्यामुळे एकाच घोसात तीन दिवसांची फुलं दिसतात. दिवेलागणीला कळ्यांचे लांब देठ खाली लोंबलेले असतात आणि तुम्ही दुसरीकडे बघून परत वळेपर्यंत त्यांतली दोन-चार उघडलेली असतात. मोठा दिवा लावलात तर हे काही दिसणार नाही. एकच मंद पिवळा दिवा, तोही गुडघ्याच्या खाली.

ऊन कडक असताना खत देऊ नका, कुंडी बदलू नका, मोठी छाटणी करू नका. करपलेली पानंसुद्धा काढू नका. ती खालच्या कोवळ्या पानांवर सावली धरतात. टोमॅटोला फुलं येऊनही फळ धरत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. दिवसा पारा पस्तिशीच्या आसपास गेला की त्याचे परागकण नीट काम करत नाहीत. उन्हाची जागा रिकामी वाटत असेल तर तिथे सदाफुली, बोगनवेल आणि ऑफिस टाइमची (पोर्टुलाकाची) फुलझाडं ठेवा. ऑफिस टाइम तर ऊन नसेल तर उघडतही नाही.

राहिले तुमचे दोन प्रश्न. दुपारी पाणी घातलं की थेंब भिंगासारखे काम करून पानं जाळतात, ही समजूत जवळपास खोटी आहे. २०१० साली हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासलं. गुळगुळीत पानांवरच्या थेंबांनी भाजल्याचं त्यांना आढळलं नाही, फक्त लवदार पानांवर थेंब केसांच्या टोकाशी अधांतरी राहिला तर तसं होऊ शकतं. तेव्हा झाड खरंच मरायला टेकलं असेल तर दुपारी बारालाही पाणी द्या, मुळाशी द्या. भाजतं ते दुसऱ्याच कारणाने: उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी कढत असतं. ते आधी बादलीत सोडा, हाताला गार लागलं की मग झाडाला.

कृत्रिम गवताला माझा स्पष्ट नकार. खरं गवत पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं. प्लास्टिकला ती सोय नाही, भर उन्हात ते साठ अंशांच्या पुढे सहज जातं आणि अनवाणी मूल त्यावर दोन पावलं टाकू शकत नाही. तुमची बाग आधीच तापते, त्यात हा आणखी एक तवा कशाला? आहे ती हिरवळ उंच ठेवा, कापायचं यंत्र सर्वांत उंच खाचेवर लावा. तरी पिवळी पडली तर एका ठिकाणी बोटांनी पातं बाजूला करून बुडाशी बघा. तिथली पेरं टणक आणि आतून ओलसर असतील तर गवत मेलेलं नाही, झोपलेलं आहे. आठवड्यातून एकदा पाणी द्या आणि पाऊस येईपर्यंत झोपू द्या. तुमची खुर्ची तोवर दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली असेलच.